जिमखान्यात पहिल्यांदाच येताय? विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि ऑफिसच्या मंडळींसाठी

जुलैत प्रवेश आटोपले की जिमखान्याच्या दारात चपलांचा ढीग पडतो. ट्रेडमिलला रांग, डंबेल्सवरून कुरबुरी, योगवर्गात चटयांवर चटया. गणपती उठेपर्यंत निम्मी गर्दी ओसरते आणि पहिल्या सत्राच्या परीक्षा लागल्या की हॉलमध्ये नुसते पंखे फिरत असतात. गळालेले सगळे आळशी असतात असं नाही. बरेच जण पहिल्या आठवड्यातच इतकं करून बसतात की दुसऱ्या आठवड्यात होस्टेलचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि मग 'आपल्याला जमत नाही' असं ठरवून मोकळे होतात. म्हणून सुरुवात मुद्दाम हलकी ठेवायची. किती हलकी, ते पुढे आकड्यांत दिलं आहे.

किती व्यायाम पुरतो

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम करावा आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काहीतरी करावं. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. होस्टेलपासून विभागापर्यंत झपाझप चालत गेलात तर तेही यात धरायचं. मोबाइल बघत रमतगमत गेलात तर धरायचं नाही.

मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालता चालता शेजारच्याशी बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम. चार-पाच शब्दांनंतर दम घ्यायला थांबावं लागतंय, तो जोरकस. घड्याळात नाडी बघणारे 220 मधून वय वजा करतात. विसाव्या वर्षी 200, पन्नाशीत 170. हा आकडा ढोबळ आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी मुळातच चढत नाही, तिथे हे सूत्र कामाचं नाही. बोलण्याची परीक्षा सगळ्यांना चालते.

नाव नोंदवण्याआधी

विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण विभाग असतो; बोलीभाषेत सगळेच त्याला जिमखाना म्हणतात. ओळखपत्र, एक फोटो आणि सत्राच्या फीची पावती एवढ्यावर बहुतेक ठिकाणी काम होतं. खिडकीवर उभे असतानाच काही गोष्टी विचारून घ्या. बॅचच्या वेळी प्रशिक्षक स्वतः हजर असतात की फक्त किल्ली सांभाळणारा शिपाई? महिलांची वेगळी बॅच आहे का, आणि ती होस्टेलच्या गेटच्या वेळेत बसते का? परीक्षेच्या काळात आणि दिवाळीच्या सुट्टीत हॉल उघडा असतो का? कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना आणि निवृत्त मंडळींना येता येतं का? प्रशिक्षक नसलेल्या वेळी नवख्याने वजनांच्या खोलीत जाऊ नये. निदान पहिला महिना तरी नाही.

बॅच निवडताना उत्साहाला विचारू नका, वेळापत्रकाला विचारा. प्रॅक्टिकल दुपारी उशिरापर्यंत चालतं त्या दिवशी संध्याकाळची बॅच हमखास बुडते. ऑफिसच्या मंडळींना सकाळी सहा ते सात बरं पडतं, कारण संध्याकाळी फाइल अडकली की व्यायामही अडकतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातनंतर मैदानावर कसरत नको. आठवड्यातले तीनच दिवस पकडा, पण ते ठरलेले असू देत. सहा दिवस ठरवून दोन दिवस येणाऱ्यापेक्षा तीन ठरवून तीन येणारा पुढे जातो.

डॉक्टरांना कधी विचारायचं

पुढच्यापैकी एकाही प्रश्नाला 'हो' असेल तर वर्गाआधी डॉक्टरांकडे जाऊन या. चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखतं किंवा दडपण येतं का? कधी चक्कर येऊन पडला आहात का? घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक हृदयविकाराने गेलं आहे का? रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयाचं औषध चालू आहे का? गुडघा, कंबर, खांदा यांचं दुखणं व्यायामाने वाढतं का? गरोदर आहात का? प्रशिक्षकांनाही हे पहिल्याच दिवशी सांगा. चार लोकांत सांगायला संकोच वाटत असेल तर वर्ग सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी गाठा.

मधुमेहाला इन्सुलिन किंवा साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या असतील तर व्यायामाआधी साखर तपासा. 90 च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा, मगच सुरुवात करा. खिशात ग्लुकोज किंवा साखरेच्या पुड्या ठेवा आणि त्या कुठल्या खिशात आहेत हे शेजारच्याला सांगून ठेवा. दम्याचा पंप होस्टेलच्या कपाटात नको, बाटलीशेजारी हवा. रक्तदाब 180/110 च्या वर असेल त्या दिवशी सुट्टी.

कोणता वर्ग घ्यावा

योग, झुंबा किंवा एरोबिक्स, वजनं, धावण्याचा गट आणि खेळ हे बहुतेक ठिकाणी मिळतं. झुंबा कोलंबियातून आला आणि आपल्याकडे चांगलाच रुजला; घाम भरपूर, शिकणं सोपं. मात्र उड्या आणि गिरक्यांमुळे जाड शरीराच्या किंवा गुडघेदुखीच्या माणसाने उडीच्या जागी पाऊल टाकायचं. प्रशिक्षक ओरडले तरी. एखाद्या विद्यापीठात लेझीमचा गट असेल तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. हलगीच्या तालावर वीस मिनिटं लेझीम खेळलेल्या माणसाला विचारा एरोबिक्स म्हणजे काय ते. मांड्या भरतात, खांदे भरतात, आणि पावसाळ्यात हॉलमध्येही होते.

आम्ही नवख्याला सांगतो: दोन दिवस ताकदीचे, एक दिवस दमाचा. योग आवडत असेल तर तो जादा धरा, ताकदीच्या जागी नको. सावकाश ताणण्याने अंग मोकळं होतं, पण चाळिशीनंतर कमी होत जाणारे स्नायू टिकवायला भार उचलावा लागतो.

साहित्य

धावायचं असेल तर बूट. बाकी सगळं उसनं चालतं. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर आतली गादी बसते, वरून बूट नवा दिसला तरी. वजनांसाठी मात्र उलटं: तळ सपाट आणि कडक हवा, मऊ गादीवर उभं राहून जड उचलताना पाऊल डगमगतं. साधे कॅनव्हास बूट तिथे उत्तम.

योगाची चटई 6 मिलिमीटर पुरे. नवी चटई निसरडी असते, आधी ओल्या फडक्याने पुसून वाळवा. दोरी घेताना तिच्या मधोमध एका पायाने उभे राहा आणि मुठी वर ओढा. मुठी काखेपर्यंत आल्या की लांबी बरोबर. जास्त लांब दोरी जमिनीवर आपटून वाकडी येते आणि नवखा स्वतःच्याच पायाला दोष देतो. मुलींनी आणि बायकांनी स्पोर्ट्स ब्रा घ्यावी. साध्या कपड्यांवर उड्या मारल्या की छाती आणि पाठ दोन्ही दुखते, आणि वर्ग सोडण्याचं हे न बोललं जाणारं एक मोठं कारण आहे. पाळीच्या दिवसांत व्यायाम चालतो. अंग जड वाटलं तर चाल आणि हलकं ताणणं एवढंच करावं.

पहिला दिवस

वर्गात पहिल्या रांगेत उभे राहू नका आणि अगदी शेवटच्याही नको. दुसऱ्या रांगेत, कडेला. समोरचा दिसतो, प्रशिक्षकही दिसतात, आणि मध्येच थांबलात तर कोणाच्या पायात येत नाही.

सुरुवातीची दहा मिनिटं अंग तापवायला. जागेवर चालणं, मग खांदे पुढे-मागे दहा वेळा, कंबर दोन्ही बाजूंना वळवणं, घोटे फिरवणं, भिंतीला धरून पाय पुढे-मागे झुलवणं. गार अंगाने पाय ओढून धरून ताणत बसणं इथे नको, ते शेवटी. कपाळावर घामाचा पहिला थेंब आला की अंग तयार झालं.

मग बैठक. तालमीतली बैठक चवड्यांवरची असते. खाली जाताना टाचा उचलतात, हात मागून पुढे येतात आणि त्या झोक्यात पैलवान उठतो. ती पाहायला देखणी आणि करायला अवघड आहे. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याचे घोटे आखडलेले असतात, गुडघ्यावर सगळा भार येतो. म्हणून सुरुवात खुर्चीपासून. 45 सेंटिमीटर उंचीची, बिनहाताची, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. पाय खांद्याएवढे फाकवा, बोटं किंचित बाहेर. हात समोर धरा. आधी नितंब मागे न्या, मग गुडघे वाका. खुर्चीला नुसता स्पर्श होऊ द्या, धपकन बसू नका. उतरताना मनात तीन मोजा. उठताना टाचेने जमीन दाबा आणि श्वास सोडा. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला ढकला. आठ बैठका, एक मिनिट दम, पुन्हा आठ. पहिल्या दिवशी एवढंच. दोन आठवड्यांनी खुर्ची काढा, चार आठवड्यांनी हातात पाच किलोचं डंबेल छातीशी धरा. तालमीची बैठक त्यानंतर, आवड असेल तर.

जोरातही तसंच आहे. तालमीतल्या जोरात कंबर वर काढलेली असते, मग कपाळ, छाती आणि पोट जमिनीलगत पुढे सरकतं, छाती वर उचलली जाते आणि माणूस त्याच वाटेने मागे येतो. साध्या पुशअपपेक्षा खांद्यांना आणि पाठीला हे कितीतरी जास्त आहे. नवख्याने भिंतीवर सुरू करावं. भिंतीपासून दोन पावलं मागे, तळवे छातीच्या उंचीला, अंग डोक्यापासून टाचेपर्यंत एका रेषेत. भिंतीवर पंधरा नीट झाले की टेबलावर, टेबलावर बारा झाले की जमिनीवर गुडघे टेकून, मग पूर्ण. चुका दोनच, पण जवळपास प्रत्येकाच्या: कोपरं सरळ बाजूला पसरणं आणि कंबर झोळीसारखी लोंबणं. कोपर अंगापासून हातभर नव्हे, वीतभर लांब ठेवा. कंबरेसाठी नितंब आवळून धरा, ती आपोआप सरळ होते. कंबर लोंबायला लागली की तो जोर मोजायचा नाही, तिथेच थांबायचं.

प्रत्येक प्रकारात आणखी दोन-तीन सहज झाले असते अशा ठिकाणी थांबा. संपूर्ण निथळेपर्यंत करणं पहिल्या महिन्यात कोणाच्याच फायद्याचं नसतं.

शेवटची पाच मिनिटं सावकाश चालणं आणि मग ताणणं, प्रत्येक स्नायू 20 ते 30 सेकंद, झटके न देता. ट्रेडमिलवरून धावता धावता एकदम उतरून उभे राहिलात तर रक्त पायांत साठून डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून चालून थंड व्हायचं.

सूर्यनमस्कार

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा नेटाने प्रसार केला, आणि आज रथसप्तमीला शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर रांगाच्या रांगा ते घालताना दिसतात. त्या दिवशी 108 घालायची पैज लागते. नवख्याने तिच्यात पडू नये. पहिल्या आठवड्यात सहा, मग दर आठवड्याला दोन वाढवा, चोविसावर थांबा आणि पुढे संख्येऐवजी नेटकेपणाकडे बघा. पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन तास तरी गेलेले असावेत.

चूक बहुधा भुजंगासनाच्या जागी होते. लोक हाताच्या जोराने कंबरेतून मोडतात. नाभी जमिनीपासून फार उचलू नका, कोपरात किंचित बाक राहू द्या, छाती पुढे ओढा. मनगट दुखत असेल तर तळव्याच्या टाचेखाली घडी केलेला टॉवेल घाला. काचबिंदू, न आटोक्यातला रक्तदाब किंवा मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थिती टाळा आणि खुर्चीवरचे प्रकार शिकून घ्या.

ट्रॅकवर

पहिले दोन आठवडे धावूच नका. तीन दिवस, 20 मिनिटं भरभर चाल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाच मिनिटं चालून मग एक मिनिट जॉगिंग आणि दोन मिनिटं चाल, असं सहा वेळा. पाचवा-सहावा आठवडा: दोन मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला, पाच-सहा वेळा. सातव्या-आठव्यात चार मिनिटं पळणं आणि दोन मिनिटं चाल, चार वेळा. नवव्या-दहाव्यात आठ मिनिटं पळून दोन मिनिटं चाल, दोन-तीन वेळा. बाराव्या आठवड्याला 20 मिनिटं न थांबता पळता येतं, वेग कितीही मंद असो. एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करा, यात कमीपणा नाही. पळताना बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. दम लागतो म्हणून सोडणाऱ्या दहांतल्या नऊ जणांचा दोष वेगाचा असतो, फुप्फुसाचा नाही.

आवारातला ट्रॅक 400 मीटरचा असेल तर तो आकडा फक्त सर्वांत आतल्या पट्ट्याचा आहे. आठव्या पट्ट्यातून एक फेरी साधारण 453 मीटरची होते. म्हणजे बाहेरून आठ फेऱ्या मारलेला माणूस 3.2 नव्हे, 3.6 किलोमीटर गेला. दिशा घड्याळाच्या उलट. आतले पट्टे वेगाने पळणाऱ्यांचे; चालणाऱ्यांनी, गप्पा मारणाऱ्यांनी, फोनवर बोलणाऱ्यांनी सातव्या-आठव्यात जावं. मागून 'ट्रॅक!' अशी हाक आली की वळून बघत बसू नका, उजवीकडे सरका.

ट्रॅक नसेल तर आवारातला रस्ता. पुण्यात गणेशखिंडीला सुमारे 411 एकरांचा परिसर आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा 853 एकरांचा. फेरीला कमी नाही. पावसाळ्यात मात्र सावलीतल्या रस्त्यांवर शेवाळ धरतं आणि वळणावर पाय घसरतो. कडेच्या गवतातून जाऊ नका, साप असतात. आणि पहाटेची भटकी कुत्री. मागे लागली तर पळणं ताबडतोब थांबवा, उभे राहा, डोळ्याला डोळा न भिडवता हळूहळू दूर सरका. पळत्या माणसाच्या मागे कुत्रं लागतं, उभ्या माणसाचा त्याला लवकर कंटाळा येतो. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

वजनांच्या खोलीत

आधी रॉडचं वजन विचारा. स्पर्धेचा पुरुषांचा रॉड 20 किलोचा असतो, महिलांचा 15 चा. जिमखान्यातले बारीक रॉड सात-दहा किलोचेही असतात. हे माहीत नसलेला माणूस एका खोलीत 40 उचलतो आणि दुसऱ्या खोलीत तेवढ्याच प्लेटांखाली अडकतो.

पहिले दोन आठवडे नुसत्या रॉडने किंवा काठीने हालचाल शिका. चार हालचाली पुरतात: बसून उठणं, जमिनीवरून उचलणं, ढकलणं, ओढणं. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. बारा झाल्यावरही दोन शिल्लक आहेत असं सलग दोन दिवस वाटलं तरच वजन वाढवा, तेही अडीच किलोने. जमिनीवरून उचलताना रॉड नडगीला घासत वर यायला हवा. तो अंगापासून वीतभर लांब गेला की सगळा भार कंबरेवर पडतो. पाठ वाकवून उचललेलं 20 किलो हे सरळ पाठीने उचललेल्या 40 पेक्षा जास्त महागात पडतं. श्वास कोंडून धरू नका; रक्तदाबवाल्यांनी तर मुळीच नाही. जोर लावताना सोडा, परतताना घ्या.

बेंचवर एकटे झोपू नका, डोक्याशी कोणीतरी उभं हवं. आणि स्टँडवरच्या रॉडच्या एकाच बाजूच्या सगळ्या प्लेटा काढून ठेवू नका. दुसरी बाजू जड होते, रॉड उलटतो आणि पायावर किंवा शेजाऱ्याच्या तोंडावर येतो. इकडची एक, तिकडची एक, अशा काढायच्या. नवख्यांच्या हातून होणाऱ्या अपघातांत आम्हाला हाच सगळ्यांत जास्त भीतीचा वाटतो.

दुखणं कोणतं आणि इजा कोणती

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्या दुखणं, दाबल्यावर दुखणं, चालत राहिल्यावर कमी होणं, हे नेहमीचं आहे. 24 ते 72 तासांत ते चढतं आणि उतरतं. हलकी चाल हेच त्यावरचं औषध. एकाच बाजूला, सांध्यात, सुई टोचल्यासारखं, सूज घेऊन येणारं दुखणं म्हणजे इजा. तिथे थांबायचं.

नडगीच्या आतल्या कडेला दुखणं ही धावणाऱ्यांची ठरलेली तक्रार. कारण बहुधा एकच असतं, पळणं एकदम वाढवलेलं. डांबराऐवजी मातीवर या, दोन आठवडे पळण्याऐवजी सायकल घ्या, पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली करा, दिवसाआड 15 च्या दोन फेऱ्या. बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच बिंदूशी जीव घेईल असं दुखत असेल तर एक्स-रेसाठी डॉक्टर गाठा, हाडाला बारीक चीर असू शकते.

एक धोका मात्र फारसा कोणी सांगत नाही. पैजेवर किंवा कुणीतरी लावल्या म्हणून तीन-चारशे बैठका मारल्या, दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या टणक झाल्या आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलाच्या रंगाची यायला लागली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. स्नायू फुटून त्यातला रंगद्रव्ययुक्त पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं अडकवतो. घरी बसून वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडावरचा ताण आणखी वाढतो. पैलवान हजार बैठका मारतात हे खरं, पण तो आकडा वर्षानुवर्षांचा असतो.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम असं काही झालं तर व्यायाम बंद करून माणसाला बसवा आणि 108 ला फोन लावा. कोसळून श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब देत राहा, मदत येईपर्यंत. हे एकदा हाताने शिकून घ्यायला हवं. जिमखान्यात प्रशिक्षण लागलं तर नाव द्या.

मेसचं ताट आणि पाणी

सकाळच्या बॅचला उपाशीपोटी येणाऱ्याला चक्कर येते, भरपेट येणाऱ्याला ओकारी. अर्धा तास आधी एक केळ पुरे. चहा चालतो.

साधारण माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. नियमाने वजनं उचलणाऱ्याला 1.2 ते 1.6. म्हणजे 60 किलोच्या मुलाला 72 ते 96 ग्रॅम. मेसची पातळ आमटी वाटीला पाच-सहा ग्रॅमच्या पुढे जात नाही, हीच अडचण आहे. वरून दोन अंडी घेतली की 12 ग्रॅम आले. मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांतून सात-आठ, 50 ग्रॅम फुटाण्यांतून दहाएक, 30 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून पंधराएक. उसळीच्या दिवशी उसळ दोनदा घ्या, भात एकदा. एवढं जमल्यावर पावडरच्या डब्यावर पैसे घालायची बहुतेकांना गरज उरत नाही. उघड्या डब्यातून सुटी विकली जाणारी पावडर तर घेऊच नका.

पाणी व्यायामाआधी दोन तासांत अर्धा लिटर, व्यायाम चालू असताना दर 15-20 मिनिटांनी अर्धा पेला. तासाभरापेक्षा जास्त घाम गाळला असेल तर ओआरएस. पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची, अर्ध्या लिटरमध्ये नाही. घट्ट झालेलं पाणी पोट बिघडवतं.

खंड पडल्यावर

तो पडणारच. इंटर्नल्स, युवक महोत्सव, ताप, दिवाळी. चार-पाच दिवस गेले तर होता तिथूनच सुरू करा. दोन आठवडे गेले तर वजन आणि मिनिटं दोन्ही निम्मी करा आणि आठवड्याभरात परत वर आणा. महिना गेला तर खुर्चीच्या बैठकीपासून. तापातून उठल्यावर ताप उतरून पूर्ण दोन दिवस झाल्याशिवाय पळायचं नाही. डेंग्यू झाला असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा.

परीक्षेच्या तीन आठवड्यांत हॉल बंद असेल तर खोलीत 15 मिनिटं काढा: खुर्चीच्या बैठका दहा, टेबलावरचे जोर आठ, अर्धा मिनिट प्लँक (कोपरं आणि चवडे टेकवून अंग सरळ धरणं), आणि हे सगळं तीन वेळा. दोरी असेल तर तळमजल्याच्या व्हरांड्यात 30 सेकंद उड्या, 30 सेकंद विश्रांती, आठ वेळा. रात्री दहानंतर मात्र नको, शेजारच्या खोलीतला रेक्टरकडे जातो.